सोवळ्यातला प्रोग्रॅम : ‘अवेट’ या शब्दाचे परीक्षण

वाचकहो, या पुरवणीत आपण नाटकांची, दिवाळी अंकांची आणि क्वचित एखाद्या चित्रपटाचीही परीक्षणे वाचत आलो आहोत. आज परीक्षणासाठी मी एक शब्द घेतला आहे, आणि तोही संगणकाच्या भाषेतला. शब्द आहे ‘अवेट’, म्हणजे ‘वाट पाहा’. ईडन प्रेरीतील आपल्या कितीतरी घरांत हा शब्द दररोज कोणी ना कोणी लिहीत असते. जेवायला हाक मारल्यावर लॅपटॉपमधून मान वर न काढता ‘पाच मिनिटांत आलोच’ म्हणणाऱ्याच्या पडद्यावर डोकावून पाहा, बहुधा तो तेथे सापडेल. ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांनीही पान उलटू नये. वाट कशी पाहावी आणि दुसऱ्याला वाट कशी द्यावी, हा या शब्दामागचा प्रश्न आहे, आणि तो स्वयंपाकघरातही पडतो.

संगणक सदैव कामात असतो अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात त्याचा बराच वेळ वाट पाहण्यात जातो. मिनिआपोलिसहून मुंबईचे सरळ अंतर सुमारे १२,८०० किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे येथून विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मुंबईहून परत यायला, तार अगदी सरळ टाकली तरी, सव्वाशे मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागणारच. आपल्याला तो डोळ्यांची उघडझाप होण्याइतका वाटतो. पण सेकंदाला तीन अब्ज ठोके देणाऱ्या प्रोसेसरच्या हिशेबात ते जवळजवळ अडतीस कोटी ठोके होतात. एवढा वेळ त्याने करायचे काय?

आपल्या गणेशोत्सवाच्या महाप्रसादाचा स्वयंपाक आठवा. समजा स्वयंपाकाला एकच बाई आहे आणि शेगड्या चार. कुकर लावून ती शिट्टीची वाट पाहत त्याच्यासमोर उभी राहत नाही. दुसऱ्या शेगडीवर फोडणी टाकते, तिसरीवरचे दूध पाहते, मध्येच कोथिंबीर निवडते. शिट्टी झाली की कुकरकडे वळते. शिट्टी हा ‘इव्हेंट’. कान देऊन शेगड्यांभोवती फिरत राहणे हा ‘इव्हेंट लूप’. आणि प्रत्येक पदार्थाची अर्ध्यावर आलेली कृती, म्हणजे ‘फोडणी झाली, डाळ घातली, आता उकळी यायची आहे’ अशी जेथे सोडली तेथूनच पुढे चालू होणारी, ती ‘कोरूटीन’.

दुसरा मार्ग आहे चार स्वयंपाकी ठेवण्याचा. त्याला आमच्या धंद्यात ‘थ्रेड’ म्हणतात. कामे खरोखर एकाच वेळी होतात, पण मिठाचा डबा एकच असतो. आमटीत मीठ घातले की नाही हे दोघींनी एकाच क्षणी पाहिले, दोघींनाही नाही असे दिसले, दोघींनीही घातले, की आमटी गेली. जॉन ऑस्टरहाउट यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यास, थ्रेड ही बहुतेक कामांसाठी वाईट कल्पना आहे, असे जाहीरपणे मांडले ते अशाच आमट्या पाहून. एकटी बाई हळू वाटेल, पण तिच्या हातून मीठ दोनदा पडण्याचा संभव फार कमी.

‘कोरूटीन’ हा शब्द मेल्विन कॉनवे यांनी १९५८ मध्ये घडवला आणि १९६३ मध्ये कोबोल भाषेच्या कंपायलरविषयीच्या एका निबंधात तो छापून आला. त्यातली कल्पना मोठी सुरेख होती. साध्या प्रोग्रॅममध्ये एक मालक असतो आणि बाकीचे नोकर. मालकाने हाक मारावी, नोकराने काम संपवून निघून जावे. कॉनवे म्हणाले, दोघेही बरोबरीचे असू द्या. एकाने शब्द वाचून पुढे द्यावा, दुसऱ्याने तो घेऊन वाक्य जोडावे, आणि आपली पाळी संपली की दोघांनीही जागेवरच थांबावे. आपल्याकडचा कलगी-तुऱ्याचा सामना आठवतो. एका फडाने सवाल टाकला की तो गप्प बसतो, पण उठून जात नाही. जबाब आला की मागचा धागा धरूनच पुढे गातो. मालक कोणीच नाही.

आता हे सारे कालपरवाचे वाटत असेल, तर आपल्या शेजारच्या गावात जाऊन येऊ. ईडन प्रेरीला लागून असलेल्या ब्लूमिंग्टनमध्ये कंट्रोल डेटा कंपनीचे मुख्य कार्यालय होते. १९७०-८० च्या दशकांत जे या भागात आले, त्यांच्या कानांवरून हे नाव नक्कीच गेले असेल. या कंपनीसाठी सीमोर क्रे यांनी रचलेला ६६०० हा संगणक १९६४ मध्ये बाहेर पडला. गणित करणारा मुख्य प्रोसेसर वेगळा होता, आणि कार्ड, टेप, छपाई अशी रेंगाळणारी कामे सांभाळायला दहा छोटे प्रोसेसर. गंमत अशी की त्या दहांमध्ये आकडेमोड करणारी यंत्रणा एकच होती. दहाही जणांची स्थिती एका फिरत्या पिंपात ठेवलेली होती, आणि तिला नावही ‘बॅरल’ असेच होते. प्रत्येकाला शंभर नॅनोसेकंदांची पाळी मिळे. दहा पाळ्यांची फेरी हजार नॅनोसेकंदांत पुरी होई. स्मृतीतून एक शब्द यायलाही हजार नॅनोसेकंदच लागत. त्यामुळे मागणी नोंदवून पुढे सरकलेला प्रोसेसर फिरून आपल्या जागी येई, तेव्हा त्याची वस्तू तयार असे. एकाच्या वाट पाहण्यात बाकी नऊजणांचे काम उरकलेले असे. यात एक गोष्ट ध्यानात ठेवावी: पाळी संपली की पिंप पुढे सरकतच असे. कोणी ‘माझे अजून झाले नाही’ म्हणून अडून बसण्याची सोयच नव्हती.

याच क्रे यांनी १९७२ मध्ये स्वतःची कंपनी काढली. तिचे मुख्य कार्यालयही मिनेसोटातच होते. १९८० च्या दशकात भारत या कंपनीच्या महासंगणकाच्या शोधात होता. हवामानाच्या अंदाजासाठी क्रे एक्स-एमपी मिळाला, पण अटी घालून, आणि त्याहून ताकदीचे यंत्र द्यायला अमेरिकी सरकार तयार झाले नाही. त्यातून १९८८ मध्ये पुण्याला सी-डॅक ही संस्था उभी राहिली, आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. ही कथा आपण अभिमानाने अनेकदा ऐकली आहे. त्या यंत्राच्या पोटात काय होते हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

पोटात होते ब्रिटनमधील इनमॉस कंपनीचे ‘ट्रान्सप्यूटर’. या चिपमध्ये प्रक्रियांची रांग खुद्द चिपच सांभाळत असे. एका प्रक्रियेला दुसरीकडून निरोप हवा असेल आणि तो आलेला नसेल, तर चिप तिला बाजूला ठेवून रांगेतली पुढची घेई. निरोप आला की पहिली पुन्हा रांगेत. म्हणजे कोरूटीन आणि इव्हेंट लूप दोन्ही सिलिकॉनमध्ये कोरलेली. आणि साध्या प्राधान्याची एखादी प्रक्रिया कोणाचीच वाट न पाहता फार वेळ चालत राहिली, तर चिप तिला रांगेच्या शेवटी पाठवत असे. वरच्या प्राधान्याच्या प्रक्रियांना एवढी सूट होती की त्या स्वतः थांबेपर्यंत त्यांना कोणी उठवत नसे, पण ती सूट प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने मुद्दाम दिलेली असे. ब्लूमिंग्टनचे पिंप काय किंवा पुण्याची रांग काय, दोन्हीकडे दुसऱ्याला वाट देणे हा यंत्राचा नियम होता. तो सहसा कोणाच्या सौजन्यावर सोडलेला नव्हता.

आता मूळ शब्दाकडे वळू. २००९ मध्ये नोड आल्यावर जावास्क्रिप्टमधली इव्हेंट लूप घरोघरी पोचली, पण लिहिण्याची रीत होती ‘कॉलबॅक’ची: ‘उत्तर आले की हे कर, ते झाले की ते कर.’ गोष्ट सांगताना दर वाक्याला ‘त्याचे पुढे काय झाले ते त्या दुसऱ्या कागदावर पाहा’ म्हणावे, तसा प्रकार. कागद एकात एक गुंतत जात, आणि मध्ये एखादी चूक झाली तर ती कोणाला कळवायची हेच ठरलेले नसे. सी शार्पने २०१२ मध्ये, पायथॉनने २०१५ मध्ये, जावास्क्रिप्टने २०१७ मध्ये आणि रस्टने २०१९ मध्ये ‘असिंक’ आणि ‘अवेट’ ही जोडी स्वीकारली. फंक्शनच्या माथ्यावर ‘असिंक’ लिहायचे, आणि आत जेथे थांबायचे तेथे ‘अवेट’. गोष्ट पुन्हा वरून खाली सलग वाचता येऊ लागली. चूक झाली तर नेहमीच्या पद्धतीने पकडता येऊ लागली. हे यश लहान नाही. कोणत्याही भाषेतल्या नव्या शब्दाने विस्कटलेले वाक्य सरळ केले, तर समीक्षकाने आधी नमस्कार करावा आणि मग चष्मा पुसावा.

आता चष्मा पुसून पाहू. या शब्दावरचा गाजलेला आक्षेप बॉब निस्ट्रम यांनी २०१५ मध्ये घेतला. त्यांनी रंगांची उपमा दिली: फंक्शने दोन रंगांची झाली, आणि एका रंगाचे दुसऱ्याला सरळ बोलवू शकत नाही. मराठी माणसाला रंग कशाला हवेत? आपल्याकडे सोवळे-ओवळे आहेच. ‘असिंक’ फंक्शन सोवळ्यातले. त्याच्याकडून ‘अवेट’ने काम करून घ्यायचे तर आपणही सोवळ्यातच असावे लागते. आणि आपल्याकडून काम घेणाऱ्यानेही. तळघरात एकजण सोवळ्यात गेला की माळ्यापर्यंत सारे घर सोवळ्यात. जुना, चांगला चाललेला प्रोग्रॅम अशा रीतीने मुळापासून बदलावा लागण्याचा अनुभव आपल्यापैकी अनेकांनी घेतला असेल.

मला स्वतःला हा आक्षेप अर्धाच पटतो. रंग दिसतो हे वाईट नाही. ‘अवेट’ लिहिलेल्या जागी आपला हात सुटतो आणि दुसऱ्याला पाळी मिळते, हे वाचणाऱ्याला समजते. दोन ‘अवेट’च्या मध्ये त्या लूपमधले दुसरे कोणीही आपल्या मिठाच्या डब्याला हात लावणार नाही, याची खात्री मिळते. थ्रेडच्या जगात ही खात्री कुलपे लावून मिळवावी लागते. या दृष्टीने ‘अवेट’ हा प्रामाणिक शब्द आहे.

माझा आक्षेप वेगळा आहे. सोवळ्याचा नियम चुकीच्या बाजूने कडक आहे. ओवळ्याने सोवळ्याकडे ‘अवेट’ मागितले की भाषा लगेच हटकते. सोवळ्यातल्याने ओवळ्याला शिवले तर? म्हणजे ‘असिंक’ फंक्शनने एखाद्या साध्या, आपल्या मर्जीने थांबणाऱ्या फंक्शनला बोलावले तर? भाषा एक अक्षर बोलत नाही. आणि खरा घात तेथेच होतो. ते साधे फंक्शन पाच सेकंद अडून बसले, तर एकटी बाई पाच सेकंद कुकरसमोर उभी. तिन्ही शेगड्यांवर दूध उतू. धोका जेथे कमी तेथे कडक पहारा आणि धोका जेथे मोठा तेथे दार सताड उघडे, अशी ही व्यवस्था आहे.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. पूर्वीच्या एका नोकरीत आमच्याकडे अशीच एक सेवा होती. एका लूपवर एकाच वेळी शेकडो ग्राहकांच्या मागण्या आरामात चालत. एका रात्री ती दर काही मिनिटांनी मरू लागली. यंत्रावर भार नाही, स्मृती भरलेली नाही, चुकीची एकही नोंद नाही. तपासाअंती निघाले ते असे: दुसऱ्या यंत्राचा पत्ता शोधणारी एक साधी ओळ कोणीतरी घातली होती. पत्ता सांगणारे यंत्र त्या रात्री सुस्तावले होते, म्हणून ती ओळ काही सेकंद अडून राही. तेवढ्या वेळात सगळ्या मागण्या गोठत, आणि ‘जिवंत आहेस का?’ या प्रश्नालाही सेवा उत्तर देऊ शकत नसे. उत्तर नाही म्हणून पहारेकरी प्रोग्रॅम तिला मारून नव्याने उठवी. ती नवी ओळ मीच तपासून मंजूर केली होती. तिच्यात खटकण्यासारखे काही दिसले नव्हते, कारण ज्या ओळीत थांबणे होते तिच्यावर ‘अवेट’ नव्हते. चूक दिसण्यासाठी जे नाही ते दिसायला हवे होते.

पायथॉनमध्ये यावर औषध नाही असे नाही. तपासणीची एक अवस्था चालू केली, तर लूपवरचे एखादे काम शंभर मिलिसेकंदांहून अधिक अडून बसल्यास तशी नोंद मिळते. २०२० पासून अडणारे काम वेगळ्या थ्रेडवर पाठवण्याची सोपी सोयही आहे. पण पहिली सोय मुद्दाम चालू करावी लागते आणि दुसरी आठवावी लागते. पुण्याच्या रांगेत जे चिप करत होती, ते आता रात्री अकरा वाजता दमलेल्या माणसाच्या आठवणीवर सोपवलेले आहे.

हे अटळ नव्हते. २००९ मध्ये जाहीर झालेल्या गो भाषेने असे शब्दच ठेवले नाहीत. थांबवायचे कोणाला आणि उठवायचे कोणाला, हे तिची यंत्रणा पाहते. तिलाही सुरुवातीला हीच खोड होती. आत कोणालाही न बोलावता फिरत राहणारे वळण आपली पाळी सोडत नसे, आणि ती खोड २०२० मध्ये १.१४ या आवृत्तीत काढली गेली. जावाने २०२३ मध्ये २१ व्या आवृत्तीत हलके थ्रेड दिले, तेही जुन्या सरळ रीतीनेच लिहिता येतात. तेथे सोवळे नाही, पण ‘येथे हात सुटतो’ हे दाखवणारी खूणही नाही. मिठाच्या डब्याची काळजी पुन्हा आपली. फुकट कोठेच काही नाही. फक्त किंमत कोणी मोजायची हे प्रत्येक भाषेने वेगळे ठरवले आहे.

दुसरा दोष मला याहून मनाला लागणारा वाटतो. या पद्धतीत एखादे काम ‘जा, कर’ म्हणून सोडून देता येते आणि आपण पुढे जातो. ते पोचले की नाही, वाटेत पडले की काय, हे विचारायचे बंधन नाही. पायथॉनची लूप तर अशा कामाला घट्ट धरूनही ठेवत नाही. आपण त्याचा धागा हाती ठेवला नाही, तर ते अर्ध्या वाटेत नाहीसे होऊ शकते, असे तिच्या माहितीपत्रकातच बजावलेले आहे. आपल्यापैकी प्रत्येकाच्या आईने विमानतळावर एकच वाक्य सांगितलेले असते: ‘पोचल्यावर फोन कर.’ तो फोन येईपर्यंत तिकडे घरातला दिवा मालवला जात नाही. नॅथनिएल स्मिथ यांनी २०१८ मध्ये प्रोग्रॅमच्या बाबतीत जे मांडले ते जवळजवळ हेच आहे: ज्या फंक्शनने मुले बाहेर पाठवली, त्याने ती सगळी परत येईपर्यंत दार लावू नये. एकाला ठेच लागली तर बाकीच्यांना परत बोलवावे आणि झाले ते वर कळवावे. पायथॉनने २०२२ मध्ये ३.११ या आवृत्तीत ‘टास्क ग्रुप’ आणला तो याच विचाराने. पण सोडून देण्याची जुनी वाटही खुली आहे, आणि घाईत माणूस तीच धरतो.

एक तक्रार पाठ्यपुस्तकांबद्दलही आहे. आपली मुले आता हायस्कुलातच हे शिकू लागली आहेत, आणि त्यांना सांगितले जाते की असिंकमुळे प्रोग्रॅम वेगवान होतो. हे खरे नाही. कुकरला जेवढा वेळ लागायचा तेवढा लागतोच. वाट पाहण्याचा वेळ वाया जात नाही, एवढेच. आणि ज्या कामात वाट पाहणे नाहीच, नुसते दळण आहे, तेथे एक लूप घेऊन बसणे म्हणजे जात्यापाशी उभे राहून शिट्टीसाठी कान देण्यासारखे आहे. हा भेद न शिकवता शब्द शिकवला, तर मुले सोवळे पाळायला शिकतील, स्वयंपाक नाही.

तेव्हा निकाल असा. ‘अवेट’ हा चांगला शब्द आहे. त्याने विस्कटलेली गोष्ट सलग केली आणि थांबण्याची जागा उघड केली. पण तो स्वेच्छेने थांबणाऱ्यांचाच शब्द आहे. अडून बसणाऱ्यासाठी या भाषांनी शब्दच केला नाही, आणि निघून गेलेल्याची चौकशी ऐच्छिक ठेवली. यापुढे कोणाचा असा प्रोग्रॅम तपासायला आला, तर ‘अवेट’ कोठे आहे हे सगळेच पाहतात. आपण तो कोठे नाही, हे पाहावे. आणि प्रत्येक पाठवलेल्या कामापुढे बोट ठेवून विचारावे, पोचल्याचा फोन कोणाला येणार आहे? त्या रात्रीपूर्वी मी हे दोन प्रश्न कधी विचारत नव्हतो. आता लिहिणारा कितीही अनुभवी असला, तरी आधी हेच विचारतो.